‘बाटला’ या शब्दापासून सुरुवात: ख्रिस्ती माणसाविषयीचा रोष येतो कुठून?

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती देवळासाठी ओतलेली नाही, पोर्तुगीजांच्या चर्चमधली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर.

मराठी मनात ख्रिस्ती धर्म आणि परकी सत्ता एकमेकांना का चिकटून बसल्या, ते या घंटांवरून लगेच कळतं. पण वसईत पुढे काय झालं तेही पाहायला हवं. पोर्तुगीज गेले, घंटा गेल्या, ख्रिस्ती माणसं मात्र तिथेच राहिली. ती पोर्तुगालहून आलेलीच नव्हती. सामवेदी, वाडवळ, कोळी अशी ही इथलीच माणसं. वाड्या-बागायती करणारी, मासेमारी करणारी, घरात मराठीचीच बोली बोलणारी. राग होता सत्तेवर. सत्ता नजरेआड झाल्यावर तो शेजारच्या माणसावर येऊन बसला. आजच्या रोषातला मोठा भाग असाच पत्ता चुकलेला आहे. तो कुठून निघाला आणि कुणावर पडतो, हे वेगवेगळं पाहिल्याशिवाय हा विषय समजत नाही.

विहिरीतला पाव

ख्रिस्ती झालेल्या माणसाला मराठीत पूर्वापार ‘बाटला’ म्हणतात. ‘बाटणं’ म्हणजे मत बदलणं नव्हे, विटाळणं. या एका शब्दात रोषाची अर्धी यंत्रणा आहे.

गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीज आले. १५४० पासून तिसवाडीतली आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, कारण नदीपलीकडचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता. आजही मंगेशी-कवळ्याला जाणाऱ्या कुटुंबांना हे स्थलांतर ठाऊक असतं. ही जखम खरी आहे. तिला ‘अपप्रचार’ म्हणणाऱ्याशी पुढचं काहीच बोलता येत नाही.

१५६० ते १८१२ या काळात, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय चालू होतं. त्याच्याविषयी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवरच होता. नवा ख्रिस्ती चोरून जुने रिवाज पाळतो का, याचा शोध घेणं हे त्याचं काम. १७३६ च्या फर्मानात मनाई केलेल्या गोष्टींत अंगणात तुळस लावणं होतं आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणंही होतं. भातात मीठ कधी घातलं यावरून माणूस संशयित ठरायचा. म्हणजे ज्याला आज ‘त्यांच्यातला’ म्हणून बोल लावला जातो, त्याचेच पूर्वज त्या न्यायालयासमोर उभे राहिले होते.

आता पावाची गोष्ट. पाद्र्याने विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायलं आणि गाव बाटलं, ही आठवण कोकण-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती एखाद्या गावाबाबत शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातली पायरी नीट पाहा. पावाने कुणाची श्रद्धा बदलत नाही. पाणी प्यायलेला माणूस संध्याकाळी देवापुढे दिवा लावतच होता. तो ‘गेला’, कारण शेजारच्या गावाने त्याच्याशी रोटी-बेटीचा व्यवहार तोडला. पाव टाकणारा हात परका होता, वाळीत टाकणारा घरचा.

हे घडताना कागदोपत्री पाहायचं असेल तर १८४३ चं मुंबईतलं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण आहे. मोठा भाऊ ख्रिस्ती झाला, त्याच्यामागे हा अल्पवयीन मुलगा मिशनऱ्यांकडे राहायला गेला. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मुलगा घरी आला, पण जात त्याला घेईना. मिशनऱ्यांच्या घरचं अन्न त्याने खाल्लं होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून पुढाकार घेतला, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. परतीचं दार आतून बंद असलं की बाहेर पडलेला माणूस कायमचा हरवल्यासारखा वाटतो, आणि मग त्याला नेणाऱ्यावरचा राग कित्येक पटींनी वाढतो. गोव्यात १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी ख्रिस्ती झालेल्या गावडा समाजातल्या हजारो लोकांची शुद्धी करून त्यांना हिंदू धर्मात परत घेतलं तेव्हा ते दार उघडलं खरं. तरी त्या लोकांना नाव पडलं ‘नवहिंदू गावडे’. ‘नव’ हा शब्द पुढे अनेक दशकं गळला नाही.

इंग्रज आणि मिशनरी: एक की दोन?

‘इंग्रजांनी मिशनरी आणले’ असं सरसकट म्हटलं जातं. कंपनी सरकार खरं तर मिशनऱ्यांना बिचकून होतं. धर्मात हात घातला तर शिपाई बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही भीती. १८०६ मध्ये वेल्लोरला बंड होऊनही गेलं होतं. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत जाण्याचे हुकूम निघाले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला दिलेल्या नव्या सनदेनंतर वाट मोकळी झाली. १८३१ मध्ये याच अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला सुरू झालं.

सामान्य माणसाला मात्र हा फरक दिसण्याचं कारण नव्हतं. गोरा कलेक्टर आणि गोरा पाद्री रविवारी एकाच देवाची प्रार्थना करायचे. त्यात १८५० चा कायदा आला: धर्म बदलला किंवा जातीने वाळीत टाकलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. आज वाचताना हा साधा न्याय वाटतो. त्या काळच्या घरकर्त्याला मात्र तो ‘आमच्या घरातून फुटणाऱ्याला सरकारी संरक्षण’ असाच दिसला.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाची हकीकत यापुढची. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलेलं हे विधवांचं घर. ‘धर्मशिक्षण दिलं जाणार नाही’ हा करार. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागारपद सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. पालकांचा विश्वासाचा प्रश्न खोटा नव्हता. पण पुण्यातल्या त्याच घरांनी बालविधवेला दुसरं काय देऊ केलं होतं, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. सेवा आणि धर्मप्रसार एकाच छपराखाली आले की संशय उगवतो. सेवा दुसरं कुणी करत नसेल तर तो संशय आणखी जहाल होतो, कारण त्यात आपली लाजही मिसळलेली असते.

आकडे आणि कागद

रोषाच्या मुळाशी बहुतेक वेळा ‘ते वाढताहेत’ ही भीती असते. जनगणनेत ख्रिस्ती लोक १९५१ मध्ये २.३ टक्के होते, १९७१ मध्ये २.६ आणि २०११ मध्ये पुन्हा २.३, म्हणजे सुमारे २ कोटी ७८ लाख. महाराष्ट्रात २०११ मध्ये ते सुमारे १० लाख ८० हजार, एक टक्क्याच्या किंचित आत.

यावर लगेच उत्तर येतं: ‘कागदावर हिंदू, घरात ख्रिस्ती’ असे लोक मोजलेच जात नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते का घडतं, हे सांगायचं राहून जातं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. आता मातंग समाजातला एक माणूस धरा. तो रविवारी प्रार्थनेला जाऊ लागतो. गावातलं त्याचं स्थान बदलत नाही, मसणवट्यातली त्याची जागा बदलत नाही, जातीवरून मिळणारी वागणूकही बदलत नाही. धर्म उघड लिहिला तर मुलाची शिष्यवृत्ती आणि जातीचा दाखला मात्र जातो. तो गप्प राहतो. शेजाऱ्याला ही लबाडी वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं म्हटलं. कायद्याच्या अंगाने ते बरोबर असेल. पण जात धर्म बदलून सुटत नाही आणि दर्जा मात्र सुटतो, ही गाठ तशीच राहते, आणि तीच लपवाछपवीला जन्म देते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला.

आदिवासींच्या बाबतीत नियम उलटा आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती झालेला आदिवासी आदिवासीच राहतो. म्हणून तिथे तक्रारही उलटी आहे: मिशनच्या शाळेत शिकून पुढे गेलेले लोक आमच्या वाट्याच्या नोकऱ्या घेतात, त्यांना यादीतून काढा. ‘डीलिस्टिंग’ची मागणी ती हीच.

हे दोन नियम एकमेकांवर आदळले की काय होतं ते ओडिशातलं कंधमाळ दाखवतं. तिथले कंध हे अनुसूचित जमातीचे. पाण हे अनुसूचित जातीचे, त्यांच्यातले बरेच ख्रिस्ती झालेले आणि त्यामुळे जातीचा दर्जा गमावलेले. दोघेही कुई भाषा बोलतात. त्या आधारावर आम्हालाही जमातीचा दर्जा द्या, अशी पाणांची मागणी होती. कंधांना त्यात आपली जमीन आणि आरक्षण दोन्ही जाताना दिसलं. २३ ऑगस्ट २००८ रोजी विश्व हिंदू परिषदेचे तिथले नेते स्वामी लक्ष्मणानंद आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले. माओवाद्यांनी जबाबदारी घेतली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एका माओवादी नेत्यासह सात स्थानिक ख्रिस्ती लोकांना दोषी ठरवलं. पण खुनानंतरच्या आठवड्यांत ख्रिस्ती लोकांची जी घरं जळली, त्यातल्या हजारो लोकांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता. तो दंगा फक्त ‘हिंदू विरुद्ध ख्रिस्ती’ म्हणून वाचला तर जमीन आणि दाखला दिसतच नाही. आणि धर्म काहीच नव्हता असं म्हटलं तर जमावाने चर्चच निवडून का जाळले, ते कळत नाही.

गावात ठिणगी कशावरून पडते

महाराष्ट्रात आज वाद क्वचितच जुन्या कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चभोवती होतो. तो होतो घराघरांत भरणाऱ्या प्रार्थनासभांवरून, विशेषतः ‘चंगाई’च्या सभांवरून. चंगाई म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणं. या सभा बहुतेकदा स्वतंत्र पास्टर चालवतात. बिशप, धर्मप्रांत वगैरे रचनेशी त्यांचा संबंध नसतो. बाहेरच्याला मात्र सगळेच ‘मिशनरी’.

तक्रारी ठरावीक असतात. घरातले देव नदीत सोडले. जत्रेची वर्गणी देईनात. प्रसाद नाकारतात. आमच्या देवांना सैतान म्हणतात. औषध बंद करायला सांगतात. या सगळ्यांना एका मापाने मोजू नये. स्वतःच्या घरातले देव काढणं आणि वर्गणी न देणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, शेजाऱ्याचं मन कितीही दुखलं तरी. दुसऱ्याच्या दैवताची भरसभेत जाणूनबुजून विटंबना करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा होऊ शकतो. आणि ‘इन्सुलिन सोड, विश्वास ठेव’ असं सांगणारा माणूस जीव घेऊ शकतो. अशा दाव्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो भगव्या, हिरव्या, पांढऱ्या सगळ्या कपड्यांना सारखाच लागतो. ख्रिस्ती समाजातल्या जाणत्यांनी अशा पास्टरांना उघडपणे हटकायला हवं. ते जिथे गप्प बसतात तिथे संशयाला खतपाणी मिळतं.

दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या घरात वीस माणसांनी बसून प्रार्थना करायला सर्वसाधारणपणे कुणाच्या परवानगीची गरज नसते. ध्वनिक्षेपक लावला तर ध्वनिप्रदूषण नियम लागतात, रात्री १० ते सकाळी ६ बंदी. शांतपणे चाललेली सभा घुसून उधळणं हा कलम ३०० खालचा गुन्हा आहे. प्रत्यक्षात गोंधळ इथेच होतो. जमाव घुसतो, पोलीस येतात, ‘शांततेसाठी’ प्रार्थना करणाऱ्यांनाच ठाण्यात नेतात आणि घुसणारे फिर्यादी होतात. अशा वेळी ११२ ला केलेल्या फोनची वेळ, घुसणाऱ्यांचं चित्रण, आणि त्या घरात कोण राहतं याचा कागद या तीन गोष्टी पुढे कामाला येतात.

‘प्रलोभन’ म्हणजे नेमकं काय

संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण मांडणं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांना मनाई करणारे ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशाचा १९६८ चा हे कायदे तेव्हा वैध ठरले. मध्य प्रदेशाच्या कायद्यामागे न्या. भवानीशंकर नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल होता, आणि तो निघाला नागपूरहून, कारण मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूर होती.

बळजबरी आणि फसवणूक ओळखता येते. अडचण प्रलोभनाची. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी यांच्याबरोबर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण, अधिक चांगलं राहणीमान आणि दैवी कोपसुद्धा प्रलोभनात मोडतात. या व्याख्येत शाळाही येते आणि प्रवचनही येतं. धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला कळवायचं, विधी करणाऱ्याने एक महिना आधी, मग पोलिसांकडून हेतूची चौकशी, विधीनंतर पुन्हा जाहीर निवेदन आणि ते नोटीस बोर्डावर. निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. आधीच्या धर्मात परतणं मात्र या कायद्याने धर्मांतर ठरत नाही. पीडित किंवा जवळचे नातेवाईक यांच्यापुरता असलेला तक्रारीचा अधिकार २०२४ च्या दुरुस्तीने कुणालाही मिळाला.

यात काय बिघडतं ते फतेहपूरच्या प्रकरणात दिसलं. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या चर्चमधल्या कार्यक्रमावरून गुन्हा नोंदला गेला, फिर्यादी पीडितही नव्हता आणि नातेवाईकही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा आणि त्यापाठोपाठ नोंदलेले आणखी काही गुन्हे रद्द केले. मधली साडेतीन वर्षं आरोपींनी कोर्टात काढली. बातमी मात्र पहिल्याच दिवशी सगळीकडे पोचली होती, आणि जे पोचलं ते ‘सामूहिक धर्मांतर’ एवढंच.

रोष नेहमी प्रलोभनाच्या शंकेवरूनच उठतो असंही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली तेव्हा धमक्यांचे फोन गेले. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, ‘सुवार्ता’ मासिक चालवलेला, हरित वसईसाठी गुंडांशी आणि बिल्डरांशी लढलेला हा माणूस. आक्षेप होता त्याच्या झग्याला. अशा ठिकाणी इतिहासाची जखम हे कारण उरत नाही, निमित्त उरतं.

आदिवासी गावात हाच प्रश्न जमिनीपर्यंत जातो. तिथे धर्म घरापुरता नसतो. पेरणीची पूजा, गावदेवाचा मान, मृताची जागा सगळं गावाच्या नावाने चालतं. एक घर त्यातून बाहेर पडलं की गाव ते ‘गाव सोडलं’ असंच वाचतं. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक वृद्ध पास्टर वारले. मुलाला त्यांना गावात पुरायचं होतं, मसणवट्यात नाहीतर स्वतःच्या शेतात. गावाने विरोध केला, उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली आणि मृतदेह वीस दिवस शवागारात राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. एकाच्या मते स्वतःच्या जमिनीत पुरू द्यावं, दुसऱ्याच्या मते ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या दफनभूमीतच. मृतदेहाची आणखी परवड नको म्हणून मोठ्या खंडपीठाकडे न पाठवता, पोलीस बंदोबस्तात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल इथे दफन करायला सांगितलं गेलं.

त्या मुलाच्या याचिकेनुसार, छिंदवाड्याच्याच मसणवट्यात त्याचे आजोबा आणि आत्या ख्रिस्ती पद्धतीने पुरलेले आहेत.